सॅटेलाइटवर धूर बघताय? मग या चुका टाळा

७ जून २०२३. कॅनडातल्या क्यूबेकच्या वणव्यांचा धूर खाली आला, न्यूयॉर्क-न्यू जर्सीचं आकाश नारिंगी झालं आणि आमच्या इथल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळेच एकदम सॅटेलाइट एक्स्पर्ट झाले. मीसुद्धा.

त्या रात्री गोज-ईस्ट या अमेरिकी हवामान सॅटेलाइटचा जिओकलर लूप (रंगीत फोटोंची सलग फिल्म) लावला तर धूर गायब, शहराचे दिवे लख्ख, म्हटलं सुटलो एकदाचे, खिडक्या उघडल्या आणि दहा मिनिटांत घरभर जळका वास. रात्री ते चित्र इन्फ्रारेडवरून (म्हणजे उष्णतेच्या किरणांवरून) बनवतात आणि त्यात धूर जवळपास दिसतच नाही. दिवे तर लाइव्ह नसतातच, आधीचा फोटो खाली चिकटवलेला असतो! दिवसाही थोडी गंमत आहेच, ऊन कलतं असताना सकाळ-संध्याकाळ धूर उठून दिसतो, भर दुपारी फिका पडतो, म्हणून लगेच 'कमी झाला' म्हणू नका.

पण सगळ्यात जास्त फसतात ते उंचीत. सॅटेलाइट वरून बघतो, त्याला जमिनीपासून वरपर्यंतचा सगळा धूर एकत्र दिसतो, त्यातला तुमच्या नाकाशी किती आणि कित्येक किलोमीटर वर किती हे फोटोवरून कळत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये कॅलिफोर्निया-ओरेगॉनचा धूर इथवर आला होता, आकाश दुधाळ, सूर्य फिकट, पण धूर बराचसा उंचावर असल्यामुळे खाली हवा ठीक होती. २०२३ ला मात्र तो जमिनीवरच उतरला, न्यूयॉर्कचा एक्यूआय (हवेच्या प्रदूषणाचा आकडा, जास्त म्हणजे वाईट) ४०० च्या वर गेला. त्यामुळे फोटो बघा पण मुलांना बाहेर सोडायचं की नाही हे एअरनाऊ या सरकारी साइटवर जवळच्या मॉनिटरचा पीएम २.५ (हवेतले अगदी बारीक कण) बघूनच ठरवा.

सॅटेलाइट नकाशावर एओडीचा (हवेत धूर-धूळ किती दाट आहे ते दाखवणारा) लेयर लावला आणि मधे रिकामी जागा दिसली तर तिथे हवा स्वच्छ आहे असं नाही, तिथे मोजताच आलं नाही. ढग असले की असं होतं, आणि कधीकधी धूर इतका दाट असतो की सिस्टम त्यालाच ढग समजून सोडून देते, म्हणजे नेमकी सगळ्यात वाईट जागा कोरी!

फर्म्स या नासाच्या आगींच्या नकाशावरचे लाल ठिपके बघून 'बापरे केवढी आग' असंही नको. ते टिपणाऱ्या व्हिअर्स या सॅटेलाइटवरच्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल साधारण ३७५ मीटरचा, ठिपका त्याच्या मध्यावर टाकतात, आग त्या चौकोनात कुठेही असेल, छोटीशीही असेल. कारखान्याच्या चिमणीवरची ज्वाळाही ठिपका देते. आणि वर दाट ढग असतील तर खाली आग असूनही ठिपका येत नाही.

आणि वेळ बघा हो! वर्ल्डव्ह्यू या नासाच्या साइटवर व्हिअर्सचा दिवसाचा फोटो दुपारी दीडच्या आसपासचा असतो, तो संध्याकाळी सात वाजता 'आत्ताची परिस्थिती' म्हणून ग्रुपवर टाकू नका, तोवर वारा फिरलेला असतो. आत्ताचं बघायचं तर गोजच, पाच-दहा मिनिटांनी नवीन फोटो येतो. फक्त त्यावरची वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते, उन्हाळ्यात इथे त्यातून चार तास वजा करा.