पाळीव प्राण्यांच्या खाद्यासाठी स्वतःचे छापील पाऊच : थोडेच हवे असतील तर कसे मागवावेत?

कुत्र्या-मांजरांचं खाद्य बनवून विकायला लागलं की साध्या पिशवीवर चिकटवलेलं लेबल लवकरच अपुरं वाटू लागतं. मग पॅकिंगवाल्याकडे चौकशी होते आणि पहिलाच प्रश्न येतो, "किती हजार घेणार?" इथे काहीजण माघार घेतात, तर काहीजण नग स्वस्त पडतो म्हणून दोन वर्षं पुरतील एवढे पाऊच घरात आणून रचतात. खरं तर काहीशे पाऊचसुद्धा आपल्या डिझाइनमध्ये छापून मिळतात. फक्त क्रम पाळावा लागतो. आधी माल, मग फिल्म (म्हणजे पाऊच ज्या पातळ थरांचा बनतो ते), मग छपाईचा प्रकार आणि आकार, आणि डिझाइन सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक नेमके उलट्या टोकाने सुरू होतात.

पायरी १ : आत काय भरणार ते ठरवा

"डॉग फूड आहे" एवढ्याने पॅकिंगवाल्याला काहीच कळत नाही. कोरड्या दाणेदार खाद्यात पाणी साधारण दहा टक्क्यांच्या आसपास असतं. त्याला दमटपणापासून जपावं लागतं आणि दाण्यांवरच्या चरबीच्या लेपाला ऑक्सिजनपासून. माशाचं तेल किंवा कोंबडीची चरबी घातली असेल तर खवटपणा लवकर येतो. आपल्या नाकाला तो कळायच्या आधी मांजर एकदा हुंगून तोंड फिरवतं. सुकवलेल्या मांसाच्या पट्ट्या आणि चघळायच्या काड्या यांची टोकं पाऊचला आतून भोकं पाडतात. अशा मालासाठी फिल्ममध्ये नायलॉनचा थर मागून घ्या.

ओल्या खाद्याची गोष्ट वेगळी आहे. त्यात ७५ ते ८० टक्के पाणी असतं. पाऊच सील केल्यावर तो साधारण १२१ अंश सेल्सिअसला, दाबाखाली तापवून निर्जंतुक करावा लागतो. त्यासाठी खास रिटॉर्ट पाऊच आणि तशी यंत्रणा लागते. साधा पाऊच त्या उष्णतेत टिकत नाही. पहिली छोटी ऑर्डर ओल्या खाद्याची नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

पायरी २ : फिल्म निवडा

पाऊच एका कागदासारखा दिसला तरी तो सहसा दोन-तीन थर चिकटवून केलेला असतो. बाहेर पॉलिएस्टर, ज्याच्या आतल्या बाजूला छपाई असते. मध्ये अडथळ्याचा थर, म्हणजे मेटलाइज्ड फिल्म (धातूचा पातळ मुलामा दिलेलं प्लास्टिक) किंवा अ‍ॅल्युमिनियम फॉइल. आणि आत पॉलिथिन, जे गरम पट्टीखाली वितळून सील होतं. चरबीयुक्त मालाला मधला थर हवाच. खाकी कागदाचे पाऊच दिसायला सुरेख असतात, पण कागद स्वतः ना हवा अडवतो ना तेल. त्यामागे कोणती फिल्म आहे ते विचारल्याशिवाय हो म्हणू नका. पारदर्शक खिडकी ठेवायची तर लहान ठेवा, कारण उजेडानेही चरबी बिघडते. पुनर्वापरासाठी सगळे थर पॉलिथिनचेच असलेले पाऊचही मिळतात. मात्र ते आपल्या सीलिंग मशीनवर नीट बसतात का, हे नमुन्यावर पाहून घ्या.

एक गोष्ट फार कमी जण विचारतात, ती म्हणजे वास. शाई आणि चिकटवणीतले द्रावक नीट उडाले नसतील तर पाऊच उघडताच रसायनाचा दर्प येतो आणि तो खाद्यात उतरतो. खाद्यपदार्थांसाठी योग्य असल्याचं लेखी प्रमाणपत्र तर घ्याच, शिवाय नमुन्याचा पाऊच रात्रभर बंद ठेवून सकाळी स्वतः हुंगून पाहा.

पायरी ३ : छपाईचा प्रकार

ग्रॅव्ह्युअर छपाईत प्रत्येक रंगासाठी एक कोरीव सिलिंडर लागतो. तो खर्च हजारो नगांवर वाटला गेला तरच परवडतो, आणि "किती हजार?" हा प्रश्न येतो तो यामुळेच. डिजिटल छपाईत सिलिंडरही नाही आणि प्लेटही नाही. फाइल थेट मशीनवर जाते. नगाचा दर जास्त, पण काहीशे पाऊच निघतात, शिवाय एकाच मापाचे तीन स्वाद असतील तर तीन डिझाइन एकाच ऑर्डरमध्ये बसवता येतात. त्याहूनही कमी हवे असतील तर तयार कोरे पाऊच घेऊन त्यावर चांगलं, तेलाने न सुटणारं लेबल लावा. त्यात कमीपणा काही नाही.

दराची तुलना करताना छापलेले नग मोजू नका, वापरले जाणारे मोजा. हजार पाऊच घेतले, चारशे वापरले आणि मग घटक बदलले, तर उरलेले सहाशे रद्दी. म्हणजे वापरलेला प्रत्येक पाऊच कोटेशनमधल्या दराच्या अडीचपट पडला. नव्या उत्पादनाचे घटक पहिल्या वर्षात बदलतातच. कधी पुरवठादार बदलतो, कधी ग्राहकांचं म्हणणं ऐकून आपणच बदलतो.

पायरी ४ : आकार

अर्धा किलोचा पाऊच अशी ठरावीक वस्तू नसते. पाऊच आकारमानावर ठरतो, वजनावर नाही. दाणेदार कोरडं खाद्य एक लिटर जागेत साधारण ३५० ते ४५० ग्रॅम मावतं. हवेशीर सुकवलेले तुकडे असतील तर त्याहून कमी. म्हणून दोन-तीन मापांचे कोरे पाऊच मागवा, आपला माल भरा, टेबलावर हलकेच आपटून बसू द्या आणि झिपच्या खाली दोन-तीन बोटं मोकळी राहतात का पाहा.

तिथेच सील करूनही बघा. भरताना दाण्यांचा तेलकट भुरा पाऊचच्या आतल्या कडेला बसतो. तो न पुसता सील केलं की पट्टी बाहेरून सरळ दिसते, पण आत केसाएवढी वाट राहते. सील केलेला पाऊच पाण्यात धरून दाबा. बुडबुडे आले की समजायचं. भरायला रुंद तोंडाचं नरसाळं वापरलं तर ही कटकट बरीच कमी होते.

पायरी ५ : मजकूर आणि डिझाइन

आता डिझायनरला बोलवा. पॅकिंगवाल्याकडून पाऊचचा आराखडा, म्हणजे डायलाइन, घेऊनच काम सुरू करा. कडेला ३ मिलिमीटर ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर वाढवलेलं डिझाइन), सीलच्या पट्टीत आणि तळाच्या घडीत मजकूर नाही, रंग सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शायांमध्ये), चित्रं ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), अक्षरं आउटलाइन केलेली, म्हणजे फॉन्टऐवजी आकारांत बदललेली. देवनागरी मजकुराचं आउटलाइन केल्यावर जोडाक्षरं फुटलेली नाहीत ना, हे भिंग घेऊन तपासा. चंदेरी फिल्मवर रंगांखाली पांढऱ्या शाईचा थर सांगायला विसरू नका, नाहीतर तुमचा भगवा काळपट दिसेल.

बारकोड ईएएन-१३ (दुकानांतला नेहमीचा तेरा अंकी) असेल तर त्याचं मूळ माप ३७.२९ बाय २५.९३ मिलिमीटर आहे. तो ८० टक्क्यांपेक्षा लहान करू नका आणि घडीवर टाकू नका. लाल रेषाही नकोत, कारण स्कॅनरच्या लाल उजेडात त्या दिसतच नाहीत.

लेबलवर काय हवं ते देशागणिक बदलतं, त्यामुळे जिथे विकणार तिथले नियम आधी वाचा. सहसा लागतं ते असं : कोणत्या प्राण्यासाठी, निव्वळ वजन, वजनाच्या उतरत्या क्रमाने घटक, प्रथिनं-चरबी-तंतू-पाणी यांचं प्रमाण, किती खायला द्यावं, उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच आणि तारीख. "संपूर्ण आहार" हे शब्द पोषणमूल्यं पडताळलेली असतील तरच छापा. खाऊ असेल तर खाऊच म्हणा.

बॅच आणि तारीख मात्र डिझाइनमध्ये टाकायची नाही. तिथे चकाकी नसलेली कोरी जागा सोडा आणि भरताना शिक्का किंवा इंकजेटने उमटवा. २००७ साली उत्तर अमेरिकेत मेलामाइन या रसायनाची भेसळ उघडकीला आली आणि मोठ्या प्रमाणावर पेट फूड परत मागवावं लागलं. अशा वेळी कोणता माल परत घ्यायचा, हे बॅच क्रमांकावरूनच ठरतं.

पायरी ६ : ऑर्डर

कोटेशनमध्ये फिल्मचे थर आणि त्यांची मायक्रॉनमधली जाडी, झिप, टांगायचं भोक, वाहतूक आणि मुदत लिहून घ्या. दहा टक्के कमी-जास्त नग देण्याची प्रथा बऱ्याच ठिकाणी असते. जास्तीचे पैसे आपण द्यायचे का, हे आधीच विचारा. पडद्यावरचा प्रूफ (छपाईआधी तपासायला मिळणारी प्रत) रंगासाठी धरू नका, खऱ्या फिल्मवर छापलेला नमुना मागा. आणि प्रूफवर सही करायच्या आधी, डिझाइन कधीच न पाहिलेल्या कुणाला तरी सगळा मजकूर मोठ्याने वाचायला लावा.

माल आल्यावर वेगवेगळ्या खोक्यांतून थोडे पाऊच काढून झिप, सील आणि वास तपासा, बारकोड मोबाइलने स्कॅन करा. तक्रार असेल तर पाऊच भरायच्या आधी फोटोसह कळवा, कारण भरलेला माल सहसा कुणी परत घेत नाही. एक न भरलेला छापील पाऊच आणि अंतिम फाइल बाजूला ठेवा, पुढच्या खेपेचा रंग त्याच्याशीच जुळवायचा आहे.