गुडघ्याचा संख्यात्मक एमआरआय कमी वेळात कसा बसवावा

एक्स-रेमध्ये कूर्चा दिसत नाही; दिसते ती दोन हाडांमधली फट, आणि ती अरुंद होईपर्यंत झीज बरीच पुढे गेलेली असते. कूर्चेतली कोलॅजनची वीण सैल होऊन पाणी वाढू लागले की तिचा टी-२ काळ, म्हणजे एमआरआयचा सिग्नल विझायला लागणारा वेळ, लांबतो, आणि तो एमआरआयवर मिलिसेकंदांत मोजता येतो. अडचण वेळेची आहे. अमेरिकेत २००४ पासून ४,७९६ जणांच्या गुडघ्यांची नोंद ठेवणाऱ्या ऑस्टिओआर्थ्रायटिस इनिशिएटिव्हमध्येही १० ते ७० मिलिसेकंदांचे सात इको (ठरावीक वेळांना टिपलेले सिग्नल) घेणारे टी-२ मॅपिंग साधारणपणे उजव्याच गुडघ्याचे झाले.

प्रथम रुग्णाला अर्धा तास बसवून ठेवावे. चालून आल्यावर दाबामुळे कूर्चेतले पाणी सरकलेले असते आणि टी-२ कमी भरतो. वेळ वाचवायचा तो मशीनवर, इथे नव्हे.

सिक्वेन्स, म्हणजे स्कॅनची पद्धत, निवडताना क्यूडेसचा (क्वांटिटेटिव्ह डबल-इको स्टेडी-स्टेट) विचार आधी करावा. त्यात प्रत्येक आवर्तनात दोन इको मिळतात, त्यामुळे सुमारे पाच मिनिटांच्या एकाच स्कॅनमधून कूर्चेची जाडी आणि टी-२ दोन्ही हाती येतात. फ्लिप अँगल (रेडिओ स्पंदाने चुंबकन जितके कलते तो कोन) एकदा ठरवला की बदलू नये, कारण टी-२ चे गणित त्यावर अवलंबून असते.

जुनाच बहु-इको सिक्वेन्स पॅरलल इमेजिंगने (अनेक कॉइलच्या आधारे कमी नोंदींतून चित्र बनवून) वेगवान करायचा असेल, तर दुप्पट वेगाला सिग्नल-नॉइज गुणोत्तर निदान सुमारे ३० टक्क्यांनी घसरते, हे गृहीत धरावे. चित्र तरीही देखणे दिसते, आणि फसगत होते ती तिथेच: शेवटच्या इकोंमध्ये सिग्नल नॉइजच्या तळाला टेकतो, सिग्नल उतरण्याचा वक्र सपाट होतो आणि निरोगी कूर्चेचा टी-२ उगाच वाढलेला दिसतो. म्हणून तळाला टेकलेले इको गणितातून वगळावेत.

मांडीच्या हाडाच्या मागच्या वळणावर टी-२ च्या रंगीत नकाशात लाल, म्हणजे जास्त टी-२ चा, पट्टा दिसला, तर लगेच झीज म्हणू नये. कोलॅजनचे तंतू चुंबकीय क्षेत्राशी ५५ अंशांच्या जवळपास कोन करतात, तिथे टी-२ आपोआप वाढतो. कॉइलमध्ये (सिग्नल टिपणाऱ्या अँटेनात) गुडघा दर वेळी सारखाच ठेवला, तर निदान तुलना तरी खरी राहते. मेनिस्कसचा (गुडघ्यातल्या चंद्रकोरीसारख्या गादीचा) सिग्नल फार लवकर विझत असल्याने या स्कॅनवरून त्याचा फक्त आकार पाहावा.

रुग्णांवर वापरण्याआधी पाच-सहा स्वयंसेवकांचे जुन्या आणि नव्या अशा दोन्ही पद्धतींनी, मध्ये टेबलावरून उठवून, दोनदा स्कॅन करावे. दोन्हींचे आकडे जुळतीलच असे नाही, म्हणून एकाच रुग्णाच्या पाठपुराव्यात पद्धत बदलू नये, अहवालात सिक्वेन्सचे नाव लिहावे आणि मशीनचे सॉफ्टवेअर बदलल्यावर फँटम (मशीन तपासण्याचा प्रमाण नमुना) पुन्हा मोजावा.