बर्न पुसून जात नाही: ग्राइंडिंगमधल्या या चुका टाळा

ग्राइंडिंग करताना जॉबवर (घासायच्या भागावर) बर्नचा, म्हणजे उष्णतेने जळल्याचा, तपकिरी-निळसर डाग दिसला की नवी पोरं दोन-तीन स्पार्क-आउट पास (नवा कट न देता व्हील नुसतं फिरवणं) मारतात. डाग जातो, माप बसतं, जॉब ट्रेमध्ये. कृपा करून हे करू नका. तो रंग म्हणजे वरचा ऑक्साइडचा पातळ पापुद्रा. खाली उष्णतेने नरम पडलेलं पोलाद तसंच राहतं, आणि आता ते डोळ्यांना दिसतही नाही.

भोसरीत असताना केस-हार्डन केलेल्या (फक्त वरचा थर कडक केलेल्या) शाफ्टचा एक लॉट ग्राहकाकडून परत आला. बेअरिंग सीटवर केसासारख्या चिरा. आमच्या कागदांवर सगळं ठीक होतं: माप बरोबर, फिनिश बरोबर, रॉकवेल, म्हणजे सुई दाबून मोजलेला कडकपणा, ५९-६०. उरलेले शाफ्ट नायटलमध्ये (नायट्रिक अ‍ॅसिड आणि अल्कोहोलचं द्रावण) बुडवले तेव्हा राखाडी पृष्ठभागावर काळे पट्टे उमटले, म्हणजे नरम पडलेली जागा. एका पट्ट्याच्या मधोमध पांढरा ठिपका होता. तिथे तापमान सातशे अंशांच्या बरंच वर जाऊन कूलंटने (थंड करणाऱ्या द्रवाने) पोलाद पुन्हा हार्डन झालं होतं. असा थर काचेसारखा ठिसूळ, आणि त्याच्या भोवती ताण खेचणारा, म्हणजे चिरेला आमंत्रणच.

रॉकवेलला हे का कळलं नाही? ६० एचआरसीला (रॉकवेलच्या मापात ६०) त्याचा ठसा ०.०८ मिमी खोल जातो. जळलेला थर वीस-तीस मायक्रॉनचा (०.०२-०.०३ मिमी) असेल तर सुई तो ओलांडून खालचं चांगलं पोलाद मोजते. तेव्हापासून बर्नचा संशय आला की मी रॉकवेलवर विसंबत नाही, नायटलच करतो.

कारण निघालं ड्रेसिंगचं, म्हणजे डायमंडने व्हील खरवडून पुन्हा धारदार करण्याचं. टार्गेट गाठायला ऑपरेटरने पंधराऐवजी चाळीस जॉबनंतर डायमंड फिरवला होता. व्हील ग्लेझ झालं, म्हणजे त्याचे कण बोथट होऊन चकाकले, की ते कापत नाहीत, घासतात. टर्निंगमध्ये (लेथवर) बरीचशी उष्णता चिपबरोबर निघून जाते. साध्या अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड व्हीलने ग्राइंडिंग करताना अर्ध्याहून जास्त उष्णता जॉबमध्येच शिरते. किती जॉबनंतर ड्रेस करायचं तो आकडा मी मशीनवर खडूने लिहून ठेवतो, आणि त्याआधीच आवाज बदलला किंवा व्हील चकाकू लागलं तर आकड्याची वाट न बघता ड्रेस करतो. ड्रेसिंगचे दोन मिनिटं वाचवणाऱ्याला मी मशीनवर उभं करत नाही.

कूलंटचंही तेच. नुसती धार सोडून भागत नाही. ४०० मिमीचं व्हील १६०० आरपीएमला फिरतं तेव्हा त्याची कड ताशी १२० किमीने पळते आणि भोवतीच्या हवेचा थर नळाची धार उडवून लावतो. खाली चिखल होतो, पण संपर्काची जागा कोरडी. नोझल जवळ आणा, व्हील जॉबला भिडतं नेमकं तिथे रोखा, प्रेशर वाढवा. व्हील ड्रेस होऊन झिजलं की नोझल पुन्हा सरकवा. हे निम्मे लोक विसरतात.

बाकीचं थोडक्यात. कडक जॉबला कडक व्हील लावू नका, मऊ ग्रेड (कण सैल धरणारं व्हील) लावा, म्हणजे बोथट कण गळून नवे वर येतात. कूलंटचं पाण्यातलं प्रमाण रिफ्रॅक्टोमीटरने (ते मोजायचं उपकरण) बघा, रंगावरून नको. नवं व्हील चढवण्याआधी टकटक करून आवाज ऐका. बद्द वाजलं तर ते बाजूला ठेवा. आणि नायटल करताना अ‍ॅसिड अल्कोहोलमध्ये हळूहळू ओता, उलटं कधीच नाही, आणि उरलेलं बाटलीत घट्ट बूच लावून ठेवू नका.