बुडालेल्या गावाची वही कशी लिहावी

आमचं गाव कुही तहसिलीत, आंभोऱ्याच्या वरच्या अंगाला, कन्हानच्या काठी. वैनगंगेवरचं गोसेखुर्द धरण भरलं की जुन्या गावाची टेकडी चारही बाजूंनी पाण्यात उभी राहते. देऊळ, शाळेची एक भिंत, दोन कडुनिंब आणि गुरं जमायची ती आखराची जागा, एवढंच वर. दिवाळीनंतर तीन-चार महिने तिथं डोंग्यानंच, म्हणजे लहान नावेनंच, जावं लागतं.

मी चौतीस वर्षं पटवारी होतो. स्वतःच्या गावात कधी नेमणूक नव्हती, त्यामुळं दुसऱ्यांच्या गावांचे कागद तोंडपाठ आणि आपल्या गावाचे कधी उघडलेलेच नाहीत. आता नागपुरात नंदनवनला राहतो. तीन वर्षांमागं भाचीच्या लेकीनं शाळेच्या वहीसाठी विचारलं, "आबा, आपलं गाव नेमकं कुठं आहे?" मला एका वाक्यात सांगता आलं नाही. त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी दोनशे पानांची वही आणली. ती कशी भरली ते इथं लिहितो. तुमचं गाव बेट नसलं तरी रीत हीच.

पहिली तीन पानं वेगळी ठेवा: एक मौजाचं, एक वस्तीचं, एक ग्रामपंचायतीचं. लोक ही तिन्ही एकच धरतात आणि तिथून पुढचं सगळं चुकत जातं. मौजा म्हणजे महसुलाचं गाव. त्याला शीव असते, नकाशा असतो, खसरा नंबर म्हणजे शेताच्या तुकड्यांचे नंबर असतात, आणि तिथं एकही माणूस राहत नसला तरी तो कायम असतो. अशा ओसाड मौजाला आपल्याकडं रिठी म्हणतात. नागपूर जिल्ह्याचे जमिनीचे कागद चाळताना 'मौजा अमुक (रिठी)' हे शब्द सारखे भेटतात. वस्ती म्हणजे जिथं चुली पेटतात ती जागा. ग्रामपंचायत म्हणजे कारभार, आणि गट ग्रामपंचायत असेल तर तिच्यात दोन-चार मौजे येतात. आमचा मौजा अर्धाअधिक पाण्यात आहे, वस्ती पुनर्वसनाच्या गावठाणात आहे, ते गावठाण शेजारच्या मौजाच्या जमिनीवर आहे, आणि पंचायतीच्या पाटीवर मात्र जुन्याच गावाचं नाव आहे. तीन पानं वेगळी नसती तर मी हे कधीच उलगडू शकलो नसतो.

मौजाचं पान सातबाऱ्याच्या माथ्यावरून भरायला घ्या. पटवारी हलका (म्हणजे पटवाऱ्याचा साझा) नंबर आणि महसूल मंडळ पटवाऱ्याकडून लिहून घ्या. (कागदावर आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, आणि ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी. गावात अजून पटवारी आणि ग्रामसेवकच.) नावापुढच्या खुर्द (धाकटं) आणि बुजुर्ग (थोरलं) यांकडं डोळ्यांत तेल घालून पाहा. एका कार्यालयातून मला एकदा आमच्या नावाच्या दुसऱ्याच मौजाची नक्कल मिळाली, आणि मी दोन महिने तिच्यावरून टिपणं काढत बसलो. तेव्हापासून कुठलीही नक्कल हातात आली की आधी तहसील, मग हलका नंबर, मग गावाचं नाव वाचतो.

भूगोलासाठी दोन नकाशे लागतात, एक दुरून पाहायचा आणि एक जवळून. दुरून पाहायचा म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाची १:५०,००० ची टोपोशीट. तिचा जुना नंबर घरी बसून काढता येतो. मोबाइलवर गावाचे अक्षांश-रेखांश पाहा. ७६ ते ८० अंश पूर्व आणि २० ते २४ अंश उत्तर हा सगळा चौकोन ५५ नंबरचा. त्याचे एकेका अंशाचे सोळा चौकोन, ए पासून पी पर्यंत. पश्चिमेकडून सुरू करून उभ्या ओळीत वरून खाली मोजायचे. नागपूर ७९ च्या थोडं पुढं आणि २१ च्या थोडं वर, म्हणून ५५ ओ. त्या चौकोनाचे पुन्हा पंधरा-पंधरा मिनिटांचे सोळा तुकडे, मोजायचे त्याच पद्धतीनं. नागपूर शहर पहिल्या उभ्या ओळीत सगळ्यात खाली, म्हणजे ५५ ओ/४. गाव रेघेच्या जवळ आलं तर लगतची शीटही घ्या. शीटवर नद्यांचा माग बोटानं काढा आणि वहीत लिहा. आमच्यापुरतं सांगायचं तर कन्हान छिंदवाड्याकडून सातपुडा उतरून येते, पेंच तिला बिना संगमाला मिळते, नागपूर शहरातून वाहणारी नाग पुढं तिच्यातच येते आणि कन्हान वैनगंगेला जाते. म्हणजे आमच्या बेटाला लागलेल्या पाण्यात सीताबर्डीच्या नाल्यांचं पाणी आहे. हे पहिल्यांदा कागदावर लिहिलं तेव्हा माझा हात थांबला होता.

जवळून पाहायचा तो गावनकाशा. उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून प्रमाणित नक्कल घ्या. आमच्याकडचे जुने नकाशे बहुतेक मैलाला सोळा इंच या मापाचे आहेत. तरी कोपऱ्यातलं प्रमाण वाचल्याशिवाय पट्टी लावू नका. नकलेवर कधीही पेन चालवू नका. मी ती सकाळच्या उन्हात खिडकीच्या काचेवर चिकटपट्टीनं लावतो, वर ट्रेसिंग कागद धरतो आणि आधी फक्त शीव काढतो. शिवेवर जिथं तीन मौजे मिळतात तिथं गोल करायचा. त्या ठिकाणी जमिनीवर दगड असतो, निदान असायला हवा. मग नाले, तलाव, पांदण, गावठाण. खसरा नंबर सगळ्यात शेवटी. एका कागदावर सगळं भरलं तर काहीच दिसत नाही, म्हणून नद्या-नाल्यांचा एक कागद, वाटांचा दुसरा, नंबरांचा तिसरा, आणि तिन्ही एकावर एक ठेवून पाहायचं.

बेटाच्या गावाला यात एक जास्तीचं काम आहे, पाण्याची रेघ. गोसेखुर्दची पूर्ण भरल्याची पातळी २४५.५ मीटर. टोपोशीटवर उंचीच्या रेघा बहुतेक २० मीटरच्या अंतरानं असतात, म्हणजे २४० ची रेघ सापडेल, मग थेट २६० ची. मधली रेघ अंदाजानं ओढू नका, उताराच्या गावात अर्धा खसरा इकडचा तिकडं होतो. धरण पूर्ण भरलं असेल त्या दिवशी काठाकाठानं चाला, दर पन्नास पावलांवर मोबाइलमध्ये खूण टाका आणि तारीख लिहा. हेच पुन्हा मे महिन्यात करा, कारण तेव्हा पाणी उतरून जुन्या वाटा उघड्या पडतात. मला दोन उन्हाळे लागले. पाणी मागं सरलेल्या गाळावर लोक गाळपेर करतात. त्या पट्ट्या कुणाकडं आहेत हेही त्याच दिवशी विचारून घ्या, पुढच्या वर्षी माणसं बदललेली असतात.

इतिहासाकडं उलट्या पावलांनी जायचं: आजच्या सातबाऱ्यावरून फेरफार, फेरफारावरून १९५४-५५ चा अधिकार अभिलेख, तिथून १९१० च्या दशकातली बंदोबस्त मिसल, म्हणजे जमीन मोजून सारा ठरवला तेव्हाचं दप्तर. कागदाच्या माथ्यावर 'मध्यप्रदेश' दिसलं तर चुकीचा गठ्ठा आला असं समजू नका. १९५० ते १९५६ नागपूर मध्यप्रदेशाची राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण मुंबई राज्यात आलो, १ मे १९६० ला महाराष्ट्रात. त्याच्या मागं सीपी अँड बेरार (मध्य प्रांत आणि वऱ्हाड), त्याच्या मागं १८६१ चा मध्य प्रांत, आणि त्याही मागं भोसल्यांचं राज्य, जे १८५४ मध्ये इंग्रजांनी खालसा केलं. १९०८ चं नागपूर जिल्ह्याचं गॅझेटियर पाहायचं असेल तर त्या वेळी तहसिली चारच होत्या: नागपूर, रामटेक, उमरेड, काटोल. आज चौदा आहेत. कुहीकडच्या माणसानं उमरेडखाली शोधावं.

बंदोबस्त मिसल हातात आली की घाई करू नका, शब्दच अडवतात. मालगुजार म्हणजे गावाचा शेतसारा सरकारात भरण्याची जबाबदारी असलेला मालक. त्याचा हिस्सा आण्यांत असतो, सोळा आणे म्हणजे पूर्ण गाव. सीर आणि खुदकाश्त ही त्याची घरची वहितीची जमीन. मालक मकबुजा म्हणजे गावाची मालकी नसली तरी आपल्या तुकड्याचा मालक असलेला. ही सगळी मालगुजारी १९५० च्या कायद्यानं, ३१ मार्च १९५१ पासून संपली. तलाव सरकारकडं आले आणि माजी मालगुजारी तलावांचे 'मामा तलाव' झाले.

माझं मन सगळ्यात जास्त रमलं ते वाजिब-उल-अर्ज आणि निस्तार पत्रकात. गुरं कुठं चरतील, सरपण कुठून आणायचं, मुरूम कुठला, मसणवटा कुठं, ही निस्ताराची बाजू; आणि पाणी, वाट, मासेमारी यांच्या गावच्या चाली वाजिब-उल-अर्जात. महाराष्ट्राच्या जमीन महसूल संहितेतही या दोन्ही कागदांना जागा आहे, तेव्हा मागायला संकोचू नका. आमच्या कागदात लिहिलंय की तलावाचं पाणी आधी खालच्या बांध्यांना, म्हणजे धानाच्या शेतांना, मग वरच्यांना. माझे वडील खालच्या बांधीवाल्यांशी यावरून आयुष्यभर भांडले. कागद बघितला आणि कळलं, खालचे खरे होते. तेही वहीत लिहिलं.

ऐकीव गोष्टींना वेगळा रकाना करा, 'सांगतात' या नावाचा. मुकुंदराजांनी आपला ग्रंथ आंभोऱ्याला लिहिला अशी इकडची श्रद्धा आहे, आणि त्यांची समाधी अंबाजोगाईला दाखवतात. दोन्ही लिहायचं, कोण सांगतं त्यासकट. शिवारात दगडांची गोल मांडणी दिसली तर ती हलवू देऊ नका. नागपूरजवळ जुनापाणीला अशी शिळावर्तुळं शेकड्यांनी आहेत आणि ती लोहयुगातल्या माणसांच्या दफनाची आहेत. आमच्याच तहसिलीत आदमला उत्खननात तटबंदीचं जुनं नगर निघालं. फोटो काढा, जागेची खूण टाका, पुरातत्त्ववाल्यांना कळवा.

कारभाराचं पान पंचायतीत बसून भरावं लागतं. घरांच्या आकारणीसाठी नमुना ८, ग्रामसभांसाठी ठराव बही. आजचा ग्रामपंचायत कायदा १९५८ चा आणि जिल्हा परिषदा सुरू झाल्या १ मे १९६२ ला. त्याआधीच्या कागदात 'जनपद सभा' असं येईल, ती १९४८ च्या कायद्यातली. सरपंचांची यादी करताना निवड सदस्यांतून की थेट हे नावापुढं लिहा. २०१७ मध्ये थेट निवडणूक आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये परत आली. कागद मिळत नसेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज, दहा रुपये, तीस दिवस. पुनर्वसित गावानं १८ नागरी सुविधांची यादी घेऊन दर ओळीपुढं पाहिलेलं लिहावं: टाकी आहे, पाणी एका दिवसाआड, पाहिल्याची तारीख. राग आला तरी तो रकान्यात घालू नका. तारीख असलेली ओळ ग्रामसभेत वाचता येते.

राहिली शेतांची नावं. ती कुठल्याच दप्तरात नाहीत आणि ती सांगणारी माणसं दरवर्षी कमी होताहेत, म्हणून खरं तर सुरुवात इथूनच करा. मी उशीर केला. पुरुषांना विचारलं तर ते खसऱ्याचे नंबर आणि वाटण्या सांगतात. नावं बायांना येतात, कारण रोवणी-निंदण त्यांनी केलं. घरी बसवून विचारू नका, काठावर न्या. गेल्या कार्तिकात एका आजीला डोंग्यातून बेटाकडं नेलं. सगळीकडं पाणीच पाणी. तिनं हात लांब केला.

"तो वाकडा बाभूळ दिसून राहिला न भाऊ, त्याच्या खालती आमची भांड्याची बांधी."

"भांड्याची काहून जी?"

"नांगरताना भांडं सापडलं होतं न, सासऱ्याच्या बापाले. रिकामंच होतं बापा. त्याच्या बाजूनं रडकी बांधी, तिथं पाणी झिरपूनच राहे."

एका तासात तिनं एकोणीस नावं सांगितली. डोंगा हाकणाऱ्या ढीवर भावानं त्यात चार डोहांची घातली, कारण पाण्याखालची वाट त्याला मासळीवरून माहीत. मी लिहीत गेलो: नाव, सांगणाऱ्याचं नाव, तारीख, कुठल्या खुणेवरून. खसरा नंबरचा रकाना कोरा ठेवला.

तो मे महिन्यात भरला. पाणी उतरल्यावर बाभळीचं खोड उघडं पडलं, वाळलेलं, गाळानं माखलेलं. तिथून जुन्या पांदणीपर्यंत पावलं मोजली, ट्रेसिंग कागद उन्हात धरला आणि भांड्याच्या बांधीपुढं ११७ लिहिलं. रडक्या बांधीपुढं ११८. एकोणिसातले चौदा रकाने भरलेत. उरलेली पाच शेतं उन्हाळ्यातही पाण्याखालीच असतात, त्यांच्यासाठी आजीला पुन्हा डोंग्यात बसवायचंय. या वेळी ट्रेसिंग कागद सोबत नेणार आहे.