फुललेल्या पांगाऱ्यावर शिंजिराचा फोटो कसा काढावा

पक्ष्यांचे फोटो शिकायला अभयारण्यातच जायला हवं असं नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये जवळच्या बागेतला पांगारा किंवा काटेसावर गाठा. झाडावर पानं नसतात, त्यामुळे पक्षी लपत नाहीत आणि मकरंदासाठी पुन्हा पुन्हा येतात.

आधी सूर्य कुठे आहे ते पाहा. तो आपल्या पाठीशीच हवा. जांभळा शिंजीर (पर्पल सनबर्ड) हा मकरंद पिणारा चिमुकला पक्षी; त्याचा नर सावलीत कोळशासारखा काळा दिसतो. त्याची निळी-जांभळी झळाळी पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाची असते, त्यामुळे त्याने मान जराशी वळवली तरी रंग विझतो. सकाळचं कोवळं ऊन यासाठी सगळ्यात चांगलं.

३०० मिमी लेन्स सुरुवातीला पुरते. शटर स्पीड १/१००० किंवा जास्त, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ऑटो, कंटिन्युअस फोकस (हलत्या पक्ष्यावर टिकणारा), बर्स्ट (सलग अनेक फोटो), आणि फाइल रॉ (सेन्सरची मूळ माहिती जपणारी). फोकस डोळ्यावरच. मागे पांढरं आभाळ असेल तर एक्स्पोजर एक स्टॉप (म्हणजे प्रकाश दुप्पट) वाढवा, नाहीतर पक्ष्याची नुसती काळी आकृती उरेल.

आता पक्ष्यामागे धावू नका. ताज्या फुलांचा एक घोस निवडा, त्यावर फ्रेम लावा आणि थांबा. मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावू नका. प्रतिस्पर्धी आला असं वाटून नर खाणं सोडून त्याला शोधत फिरतो. लोंबतं घरटं दिसलं, तर फोटोसाठी पानं-फांद्या मुळीच बाजूला सारू नका. उघडं पडलेलं घरटं कावळे आणि भारद्वाज चटकन हेरतात.

एडिटिंगला डार्कटेबल हे मोफत सॉफ्टवेअर उत्तम. डोळा धारदार नसलेले फोटो आधीच काढून टाका. क्रॉप करताना चोचीपुढे मोकळी जागा ठेवा. मग शॅडोज (गडद भाग) थोड्या उचला आणि नॉइज (दाणेदारपणा) कमी करा. शार्पनिंग शेवटी, तेही पक्ष्यापुरतं. खरी अडचण पांगाऱ्याच्या लाल रंगाची. तो भडकला की पाकळ्यांच्या रेषा पुसल्या जातात. लाल रंगाची चमक तेवढी उतरवा. सॅच्युरेशन वाढवून शिंजिराला झळाळी आणू नका, ती उन्हात टिपलेली असेल तरच खरी दिसते.

फोटो ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकणार असाल तर तारीख आणि ठिकाण अचूक लिहा, आणि मूळ रॉ फाइल जपून ठेवा.