कोळ्याच्या जाळ्याचा फोटो काढताना फ्लॅश धरायचा कुठे?

पाऊस सरत आला की सोलापूरच्या आसपास कोळी शोधत फिरावं लागत नाही. हिप्परग्याच्या तलावाकडची झुडपं, बांधावरचं घायपात, माळावरची घाणेरी, घरच्या कुंपणाची मेंदी, सप्टेंबर-ऑक्टोबरात कुठंही बघा, जाळं असतंच. पण फोटोत ते जाळं गायब होतं आणि पांढराफटक कोळी तेवढा हवेत लटकलेला दिसतो. फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवला की हे असं होणारच.

जाळ्याचा धागा अतिशय बारीक आणि चकचकीत असतो. समोरून पडलेला प्रकाश त्याच्यावरून लेन्सकडे फारसा परत येत नाही; बाजूने किंवा थोडा मागून पडला की धागा उजळतो. पत्र्याच्या भोकातून तिरीप आली की हवेतली धूळ दिसायला लागते, तसंच.

आधी कोळी निवडा. सुरुवातीला सिग्नेचर स्पायडर घ्या. जाळ्याच्या मधोमध डोकं खाली करून, पाय दोन-दोन जोडून फुलीसारखा बसतो, पायांच्या रेषेत पांढऱ्या धाग्याची नागमोडी वीण असते आणि दिवसभर जागा सोडत नाही. पोटावर पिवळे-पांढरे पट्टे. बागेतले काही कोळी अंधार पडताना जाळं विणतात आणि पहाटे गुंडाळून टाकतात. त्यांच्यासाठी रात्रीच जावं लागतं. बाभळीवर कापसाच्या गुंत्यासारखं दिसणारं सामाईक जाळं मात्र सोडून द्या. फ्लॅशमध्ये त्याचा नुसता पांढरा गोळा होतो.

जवळ जाताना आजूबाजूच्या फांद्यांना धक्का लावू नका. जाळ्याचे आधाराचे धागे हातभर लांबपर्यंत गेलेले असतात. कोळी जाळं गदागदा हलवायला लागला तर जागीच थांबा. आणखी पुढं सरकलात तर तो खाली उडी टाकेल. कॅमेरा जाळ्याला समांतर धरा, म्हणजे आठही पाय एकाच फोकसमध्ये येतात.

सेटिंग. कॅमेरा मॅन्युअलवर (म्हणजे आकडे आपणच ठरवायचे), शटर १/२०० सेकंद (तेवढाच वेळ उजेड आत येतो), अ‍ॅपर्चर एफ/११ (लेन्सचं भोक; आकडा मोठा तसं भोक लहान), आयएसओ १०० (कॅमेरा उजेड किती पटकन टिपतो ते). फ्लॅशही मॅन्युअलवर, पूर्ण ताकदीच्या १/१६ वर. फ्लॅशचा उजेड अ‍ॅपर्चर, आयएसओ आणि अंतरावर ठरतो. शटरनं बदलतो तो मागचा नैसर्गिक उजेड. अंतर दुप्पट केलं तर फ्लॅशचा उजेड चौथाईवर येतो, म्हणून ताकदीचं बटण दाबत बसण्यापेक्षा फ्लॅश धरलेला हात पुढं-मागं करणं सोपं पडतं. फ्लॅश ऑटोवर ठेवायचाच असेल तर एक स्टॉप (म्हणजे उजेड निम्मा) कमी करा, नाहीतर गडद पार्श्वभूमीला फसून तो कोळ्याचे पट्टे जाळून टाकतो.

आता मुख्य काम. फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढा आणि वायरलेस ट्रिगर किंवा केबलनं जोडा. डाव्या हातात धरा किंवा सोबत्याला धरायला द्या. जाळ्यापासून फूटभर अंतर, बाजूनं, किंचित मागून. फ्लॅशचं तोंड लेन्समध्ये येत नाही ना, तेवढं पाहा. लेन्सला हूड (बाजूचा उजेड अडवणारी पुढची कडी) लावा. एक फोटो काढा, फ्लॅश चार बोटं मागं सरकवा, पुन्हा काढा. कोणत्या कोनात धागे पेटतात ते स्क्रीनवर लगेच कळतं.

डिफ्यूझर (फ्लॅशचा उजेड मऊ करणारा पडदा) सरसकट लावू नका, हे माझं मत. बटर पेपरमधून आलेला मऊ उजेड कोळ्याच्या अंगावर छान दिसतो, पण धाग्यांची चमक मारतो. जाळं दाखवायचं तर फ्लॅश उघडा ठेवा आणि सावलीच्या बाजूला थर्माकोलची पांढरी प्लेट धरा. कोळ्याचं अंग दाखवायचं तर बटर पेपर लावा.

पार्श्वभूमी काळी की निळी? फ्लॅशचा फोटो म्हणजे मागं काळंकुट्टच, असं काही नाही. मला तर त्या काळ्या फोटोंचा कंटाळा आलाय. वर दिलेलं एफ/११, १/२००, आयएसओ १०० हे आपल्याकडच्या लख्ख उन्हाचंच सेटिंग आहे. त्यामुळं खाली बसून जाळ्यामागं आकाश घेतलंत की निळा रंग आपोआप येतो. फक्त कोळ्यावर थेट ऊन नको, नाहीतर फ्लॅशचं काम दिसतच नाही. सोबत्यानं छत्रीची सावली धरावी. काळंच हवं असेल तर झाडाच्या गर्द सावलीतलं जाळं निवडा आणि एफ/१६ वर जा. संध्याकाळी केशरी आकाशासाठी आयएसओ ८०० आणि शटर १/६० पर्यंत आणा.

वारा माळावर असतोच. कमी ताकदीवर फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ पेटतो, त्यामुळं हलतं जाळंही गोठतं. फोकस मात्र मॅन्युअल ठेवा आणि झुळूक थांबण्याच्या क्षणी दाबा.

जाळ्यावर पाण्याचा फवारा मारून दवबिंदू दाखवण्याची पद्धत सोडा. पायात बूट हवेतच, कारण याच माळावर फुरसं आणि घोणसही असते. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरू नका.

मोबाईल असेल तर त्याचा स्वतःचा फ्लॅश बंदच ठेवा. दुसऱ्या मोबाईलची बॅटरी लावून जाळ्याच्या बाजूनं धरा आणि एक्सपोजरची पट्टी खाली ओढा. फक्त त्या उजेडात हलतं जाळं गोठत नाही, म्हणून वारा पडलेला असतानाच जा.