वाय-ए-वाय म्हणजे ‘हो’ नव्हे

शाळेत आनंदाचा एकच इंग्रजी शब्द शिकवला: हुर्रा. तोही नॅरेशन बदलण्यापुरता. ‘हुर्रा! आपण सामना जिंकलो’ याचं ‘एक्सक्लेम्ड विथ जॉय’ करायचं, विषय संपला. नोकरीला लागल्यापासून एकाही अमेरिकन क्लायंटने मला हुर्रा लिहिलेलं नाही. ते लिहितात ‘येय’, स्पेलिंग वाय-ए-वाय.

मी आपटलो तो इथेच. माझे सीनियर म्हणायचे, “ग्रामर सोड, ते लिहितात ते बघून लिही.” असले गुरू भेटले तर चहा घ्या, सल्ला घेऊ नका. मी ‘डिप्लॉय झालं’, म्हणजे नवं सॉफ्टवेअर चालू झालं, असं कळवलं की समोरून वाय-ए-वाय यायचं. मला वाटलं, ‘हो, बघितलं’ असं म्हणतायत. झालं, मीही ‘हो’च्या जागी तेच ठोकायला लागलो.

एकदा रात्री अडीचला तिकडच्या मॅनेजरबाईंनी विचारलं, “आमच्या टीममधल्या चौघांना काढलं, कळलं का?” मी लिहिलं, वाय-ए-वाय. वर उद्गारचिन्ह, उत्साही दिसावं म्हणून.

पलीकडे शांतता. मग आमच्या टीम लीडचा फोन. तो फोन आठवला की अजून पोटात गोळा येतो.

तर नीट बघा. वाय-ई-ए-एच म्हणजे ‘येअ’, रोजचं बोलण्यातलं ‘हो’. वाय-ए-वाय म्हणजे ‘येय’, आनंदाने टुणकन उडी. आणि वाय-ई-ए हा खरा घातकी: उच्चार हुबेहूब ‘येय’, अर्थ मात्र ‘हो’. तो जुना शब्द, आता मुख्यतः मतदानात दिसतो. अमेरिकन काँग्रेसमध्ये बाजूने ‘येय’, विरोधात ‘नेय’. म्हणून कानावर विसंबू नका, स्पेलिंग बघा. पाठवायच्या आधी दोनदा बघा. शंका असेल तर सरळ ‘येस’ लिहा, त्याने कुणाचं काही बिघडत नाही.

घाबरू मात्र नका. गोड बातमी आली, रिलीज सुरळीत झाला, तर बिनधास्त ‘येय’ लिहा. फक्त ‘शनिवारीही काम. येय.’ असं पूर्णविराम देऊन आलं तर समोरचा बहुधा वैतागलाय. आपण नाही का, दूध उतू गेलं की ‘वा, छान!’ म्हणत? तसंच. तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी शिकवणारे हे सांगत नाहीत. मी फी भरून बसलोय, म्हणून सांगतो.

माफीचा मेल मी चार वेळा खोडून लिहिला. नोकरी वाचली. त्या बाई मला अजूनही वाय-ए-वाय पाठवतात, आणि पुढे न चुकता लिहितात: हा आनंदाचा.